नवं नाव, नवा गालिचा, जुनी बोट: मुंबई-गोवा क्रूझचं बुकिंग करण्याआधी

मुंबईहून क्रूझला जाणार असाल, तर जहाज 'रिफर्बिश्ड' आहे का हे एजंटला विचारू नका. तो हो म्हणतो. ठाण्यातला आमचा एजंट नुसतं हो म्हणून थांबला नाही, 'नूतनीकरण झालेली केबिन' म्हणून त्याने माणशी साडेचार हजार जादा घेतले. जहाजावर रिसेप्शनला चौकशी केली तर असा काही वर्गच नाही. सगळ्या केबिनना एकाच वेळी एकसारखा गालिचा घातलेला. शेजारच्या केबिनमधलं डोंबिवलीचं जोडपं हे जादा पैसे न भरता आलं होतं आणि त्यांची खिडकी आमच्यापेक्षा मोठी होती. जहाजाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. भांडण एजंटशी आहे. जहाज त्याच्या वयाला शोभेल असंच होतं.

प्रश्न वयाचाच आहे, आणि वय नावावरून कळत नाही. 2019 मध्ये मुंबईत वाजतगाजत आलेली 'कर्णिका' ही क्रूझ बोट आठवत असेल. ती 1990 साली इटलीत 'क्राउन प्रिन्सेस' म्हणून बांधलेली. मधली काही नावं मिरवून झाल्यावर ऑस्ट्रेलियात ती 'पॅसिफिक ज्युवेल' झाली, मग आपल्याकडे पुन्हा बारसं झालं, आणि 2020 संपायच्या आत ती तोडण्यासाठी गुजरातमधल्या अलंगला गेली. म्हणून एजंटकडून जहाजाचा आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) क्रमांक घ्या. हा सात आकडी क्रमांक जहाज भंगारात निघेपर्यंत बदलत नाही, मालक आणि नाव कितीही वेळा बदलो. तो इंटरनेटवर टाकला की बांधणीचं साल आणि सगळी जुनी नावं समोर येतात. एजंट क्रमांक द्यायला टाळाटाळ करत असेल तर दुसरा एजंट बघा.

जहाज दुरुस्तीसाठी ड्रायडॉकमध्ये, म्हणजे कोरड्या गोदीत, घेतात तेव्हा गालिचे, गाद्या, पडदे, टीव्ही, बारचं सामान बदलतात. फोटो त्याचेच निघतात. भिंतीमागचे पाइप, एसीचे डक्ट आणि लिफ्ट यांचे फोटो कोणी काढत नाही, आणि तुमची झोप त्यांच्यावर अवलंबून असते. केबिनचा आकार तर बदलतच नाही म्हटलं तरी चालेल. 2005 मध्ये रॉटरडॅमला 'एन्चांटमेंट ऑफ द सीज' हे जहाज मधोमध कापून त्यात 22 मीटरचा नवा तुकडा जोडला होता. तेव्हासुद्धा नव्या केबिन वाढल्या, जुन्या होत्या तेवढ्याच राहिल्या.

आता आमच्या रात्रीबद्दल. एजंटने दिलेली केबिन खालच्या डेकवर, अगदी मागच्या टोकाला. म्हणजे जहाज ढकलणाऱ्या पंख्यांच्या थेट डोक्यावर. जुन्या जहाजात इंजिनाची ताकद शाफ्टमधून, म्हणजे लांबलचक फिरत्या दांड्यातून, मागच्या पंख्यांपर्यंत जाते आणि तिथला सगळा थरथराट वरच्या पोलादात चढतो. 1998 च्या 'इलेशन' या जहाजापासून प्रवासी जहाजांना अझिपॉड बसू लागले. त्यात विजेची मोटर बुडाखाली पंख्यालाच जोडलेली असते, लांब शाफ्ट लागत नाही. नव्यांपैकी बरीच जहाजं अशी आहेत, सगळी नाहीत. आमच्याकडे शाफ्ट. मुंबई मागे पडून वेग वाढला तसे कपाटातले हँगर एकमेकांवर वाजायला लागले. ते काढून गादीखाली ठेवले. मग बाथरूममधला ग्लास काचेच्या फळीवरून इंच इंच सरकत कडेला यायला लागला. तो बेसिनमध्ये ठेवला. मग पलंगाच्या डोक्याकडची फळी. तिच्या फटीत रुमाल कोंबून झाला, टॉवेल कोंबून झाला, शेवटी बायकोची ओढणी कोंबली तेव्हा कुठे ती गप्प बसली. पहाटे जरा डोळा लागतोय तोच जहाज धक्क्याला लागायच्या तयारीत हादरे द्यायला लागलं. आईला ऐकू कमी येतं, ती छान झोपली होती.

तेव्हा माझा निकाल असा: जुन्या जहाजात मागची खालची केबिन फुकट मिळाली तरी नको. लांबीच्या मधोमध आणि होता होईल तो खालचा डेक मागा, तिथे डोलणंही सर्वांत कमी. डेकचा नकाशा उघडून वर नाइटक्लब आणि खाली स्वयंपाकघर नाही ना, ते बघा. सर्वांत स्वस्त दरात 'गॅरंटी' शब्द असेल तर केबिन तुम्ही निवडणार नाही, उरेल ती मिळेल, हे धरून चाला.

बाथरूमच्या दाराला वीतभर उंबरठा. आईचे गुडघे दुखरे. ती प्रत्येक वेळी चौकट धरून, एक पाय आत, एक बाहेर अशी थांबायची. शॉवरला काचेचं दार नव्हतं, पडदा होता, आणि गरम पाणी सुरू केलं की तो आत येऊन अंगाला चिकटायचा. घरात कोणाचे गुडघे किंवा तोल सांभाळायचा असेल तर नवं जहाज घ्या किंवा व्हीलचेअरवाली केबिन आधीच मागा, तिला उंबरठा नसतो. प्लगही मोजके. दोन पिनांचा अडॅप्टर घरून न्या. एक्स्टेंशन बोर्ड नेऊ नका, सामान तपासताना काढून घेतात.

म्हणून नवं ते सोनं का? नाही. सिंगापूरहून एका नव्या जहाजावर गेलो होतो. बाल्कनी होती, शॉवरला काच होती, झोप गाढ लागली. पण समुद्र चौदा मजले खाली, आणि बाकी सगळं जहाज आत तोंड करून बसलेलं, मॉलमध्ये मुक्कामाला गेल्यासारखं. चांगलं जेवण हवं तर वेगळे पैसे, नाश्त्याला रांग. 2024 च्या 'आयकॉन ऑफ द सीज'वर तर साडेसात हजारांवर प्रवासी मावतात. जुन्या जहाजावर खालच्या डेकच्या कठड्याला टेकलं की पाणी खरंच जवळ दिसतं, फेस तोंडावर येतो. ते मला आवडलं, झोप झाली नव्हती तरी आवडलं. दोन-तीन रात्रींसाठी जुनं चालेल. आठवडाभरासाठी नको.

गोव्यात काय केलं ते लिहीत नाही, गोवा सगळ्यांनी पाहिलाय.

बोट लागत असेल तर गोळी जहाज सुटण्याआधी घ्यायची, डॉक्टरांना विचारून. मळमळ सुरू झाल्यावर आलेपाकाच्या वड्यांचाही काही उपयोग होत नाही. पावसाळ्यातल्या तारखा कितीही स्वस्त मिळाल्या तरी घेऊ नका. जहाजावर रोख चालत नाही, सगळं कार्डावर चढतं आणि हिशेब शेवटी दाखवतात. रोज रात्री रिसेप्शनला जाऊन बिल बघा. आमच्यावर दुसऱ्या कोणाची बिअर चढली होती, सांगितल्यावर काढली. जाहिरातीतल्या दरात जीएसटी, पोर्ट चार्ज आणि टिप धरलेले नसतात, एजंटकडून शेवटचा आकडा लेखी घ्या.

मुंबईच्या नव्या क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन सप्टेंबर 2025 मध्ये झालं, तेव्हा बॅलार्ड पिअरच्या जुन्या टर्मिनलबद्दलचे सल्ले आता जपून वापरा, तिकिटावर कोणतं गेट लिहिलंय ते वाचा. सीएसएमटीहून काळीपिवळीने मीटरवरच जा. अंतर जेमतेम आहे, किमान भाडं 2025 मध्ये 31 रुपये झालं. बॅगा बघून एकाने आम्हाला चारशे सांगितले. समोरच्या बाजूला जाऊन चालती टॅक्सी थांबवली, ती मीटरने आली.