घर वर, रस्ता खाली

सांगलीत पावसाळ्यात "पाऊस किती?" असं कुणी विचारत नाही. "आयर्विनला किती?" असं विचारतात. 1929 मध्ये बांधलेल्या त्या पुलापाशी कृष्णेची पातळी अजूनही फुटांत वाचतात. 40 ला इशारा, 45 ला धोका. ऑगस्ट 2019 मध्ये ती साडेसत्तावन्नाला गेली होती. मी परवानाधारक अभियंता आहे. लोकांच्या घरांचे नकाशे मंजूर करून घ्यायचे, कामावर देखरेख ठेवायची आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र हातात द्यायचं, हा माझा धंदा. एकोणीसच्या पुरानंतर गिऱ्हाईक आलं की किती खोल्या बसतील हे नंतर विचारतं, आधी जमिनीपासून किती वर जायचं ते विचारतं.

अण्णांनी तर विचारलंही नाही. सांगितलं. ते सळईचे फिटर, उभी हयात दुसऱ्यांच्या स्लॅबवर वाकून गेलेली. जुन्या घरात एकोणीसला पुरुषभर पाणी चढून वर हातभर राहिलं, ओसरल्यावर मातीच्या भिंती आपोआप बसल्या. एकवीसच्या जुलैत पुन्हा पाणी आलं तेव्हा तिथं पत्र्याची शेड होती, तीही भिजली. मग त्यांनी ठरवलं, घर खांबांवर उभं करायचं आणि बाहेरचा ठेकेदार नको. सळई स्वतःची, गवंडीकाम मेहुण्याचं, वायरिंग आयटीआय झालेल्या मुलाचं, आणि पाणी मारायला घरातल्या बायका. पैसे येतील तसं काम. असं घर दोन-तीन वर्षं लांबतं, आणि फाईल माझ्या कपाटात तेवढाच काळ पडून राहते. माझी तक्रार नाही. अशा कामात देखरेखीला गेलं की चहा मिळतो आणि काँक्रीटमध्ये जास्तीचं पाणी ओतताना कुणी सापडत नाही.

त्यांचा प्लॉट निळ्या आणि लाल पूररेषेच्या मधल्या पट्ट्यात येतो. निळी रेषा ढोबळमानानं पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळीच्या आत नवं बांधकाम नाही. दोन रेषांच्या मध्ये बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान 45 सेंटीमीटर वर हवं. आमच्या नकाशात खाली मोकळा स्टिल्ट, वर राहायचा मजला. खालचा भाग चारी बाजूंनी उघडा, गाडी लावण्यापुरता.

काळ्या मातीत मुरूम लागेपर्यंत खोदावं लागलं, त्यात पहिल्या वर्षाचे पैसे जमिनीखाली गेले. पण खरी बघण्यासारखी गोष्ट होती ती कॉलमची सळई. स्टिल्टवर उभ्या घराचा सगळा भार खालच्या उघड्या खांबांवर, आणि कोयनेचा 1967 चा भूकंप आमच्या भागात म्हातारी माणसं अजून सांगतात. अशा खांबांत उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगांचे हूक 135 अंशांत आत वळवावे लागतात, आणि कॉलमच्या दोन्ही टोकांना रिंगा जवळजवळ घालाव्या लागतात. हे सगळ्या नकाशांवर छापलेलं असतं आणि बऱ्याच साइटवर हूक 90 अंशांत वळवून मोकळे होतात, कारण मजुरी रिंगांच्या संख्येवर ठरते. अण्णांनीही आयुष्यभर तसेच वळवले असणार. इथं मात्र एकेक हूक त्यांनी गुडघ्यावर बसून वाकवला. मी म्हटलं, "अण्णा, माझ्या बाकीच्या साइटवर पण असंच करत जावा की." ते हसले आणि म्हणाले, "तिथं रेट वाढवून द्या, करतो."

भोगवट्याच्या तपासणीच्या दिवशी महापालिकेच्या कनिष्ठ अभियंता मॅडम सकाळी लवकरच आल्या. वयानं लहान, पायात बूट, सोबत टेप आणि टॅब धरायला एक शिपाई. मी ऑटो लेव्हल, म्हणजे पातळी मोजायची दुर्बीण, आणि स्टाफ, म्हणजे तिच्यातून वाचायची आकड्यांची उभी पट्टी, घेऊन आधीच हजर होतो. वीजजोडणीसाठीचा टेस्ट रिपोर्ट तयार होता. वायरिंग मुलाचं असलं तरी रिपोर्टवर सही परवानाधारक ठेकेदाराचीच चालते, त्यामुळं आदल्या आठवड्यात माझ्या ओळखीच्या ठेकेदारानं मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावून सगळी सर्किटं तपासली होती. मुलाचं काम चोख निघालं. स्टिल्टमधल्या दोन दिव्यांना आणि पाण्याच्या मोटरला त्यानं वेगळं सर्किट दिलं होतं, पाणी चढायला लागलं की तेवढंच बंद करता येईल. मीटर जिन्याच्या वरच्या टप्प्यावर. बाहेरून वाचता येतो आणि पुराच्या वर राहतो.

मॅडमनी आधी जिना मोजला. राहत्या घरात पायरीची उंची 19 सेंटीमीटरपेक्षा जास्त चालत नाही. मजला जमिनीपासून 285 सेंटीमीटर वर, म्हणजे 19 च्या हिशेबानं 15 पायऱ्यांत काम झालं असतं. अण्णांनी 15 सेंटीमीटरच्या 19 पायऱ्या केल्या होत्या, आईच्या गुडघ्यांसाठी. त्या चार पायऱ्यांनी जिना लांबला आणि सरळ सोडला असता तर पुढच्या सामासिक अंतरात, म्हणजे मोकळ्या सोडायच्या जागेत, घुसला असता. म्हणून मंजुरीच्या वेळीच तो भिंतीलगत वळवला होता. नंतर गच्चीचा कठडा, एक मीटरच्या वर. खोल्यांची उंची. चारी बाजूंची मोकळी जागा. सगळं नकाशाप्रमाणं. मॅडम काही बोलत नव्हत्या, नुसत्या टिक करत होत्या, आणि अशा वेळी मालकाच्या चेहऱ्याकडं बघवत नाही.

मग पातळी. अण्णांनी आपल्या हिशेबासाठी एक उद्योग केलेला होता. गल्लीच्या तोंडाला मारुतीचं देऊळ आहे, त्याच्या भिंतीवर एकोणीसच्या पाण्याची खूण रंगवलेली आहे. तिथून त्यांनी पाणी भरलेली पारदर्शक नळी धरत धरत ती पातळी आपल्या प्रत्येक कॉलमवर आणून लाल पट्टा मारला होता. मॅडमना फाईलमधली लाल पूररेषेची पातळी तपासायची होती, देवळाची खूण त्यांच्या कामाची नव्हती. तरी त्या पट्ट्याकडं बघून म्हणाल्या, "हा कुणी काढला?" अण्णा पुढं झाले.

लेव्हल मॅडमनी स्वतः लावली. मला बाजूला केलं याचं मला वाईट वाटलं नाही. बऱ्याच ठिकाणी आमच्याच वहीतले आकडे उतरवून घेतात आणि निघतात. आधी बेंचमार्कवर, म्हणजे उंची ठाऊक असलेल्या खुणेवर, स्टाफ, मग मजल्यावर स्टाफ. मजला लाल रेषेच्या 62 सेंटीमीटर वर निघाला. नियमाला 45 पुरे होते. मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी मुलाला स्टाफ घेऊन देवळापाशी पाठवलं आणि तिथल्या खुणेचं वाचन घेतलं. नळीनं आणलेला पट्टा आणि लेव्हलनं आणलेली पातळी यांत फरक आला चार मिलिमीटरचा.

"चार मिलिमीटर," मॅडम म्हणाल्या.

"तुमच्या दुर्बिणीत असतील," अण्णा म्हणाले.

सकाळपासून पहिल्यांदा त्या हसल्या. मला वाटलं, झालं, आता टॅबवर सही.

तेव्हाच त्यांनी स्टिल्टचे चार बाजूंनी फोटो काढायला सुरुवात केली आणि मागच्या कॉलमला टेकवून ठेवलेलं लोखंडी शटर कॅमेऱ्यात आलं. जुन्या बाजारातलं, चौकटीसकट. त्याच्या शेजारी ताडपत्रीखाली विटांचा थर. मी ते पाहिलेलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी टेम्पोतून आलं होतं.

"हे कशाला?"

कुणी बोलेना. शेवटी मुलगा म्हणाला, "मोटर रिवाइंडिंगचं दुकान टाकायचं होतं. नंतर."

नंतर, म्हणजे प्रमाणपत्र मिळाल्यावर. हे नवीन नाही. दाखला घ्यायचा आणि पुढच्या महिन्यात स्टिल्ट विटांनी बंद करायचा, अशी घरं सांगलीत मी बोट दाखवून दाखवू शकतो. आत कुणाची पिठाची गिरणी, कुणाचा भाडेकरू. पोरगं मेहनती होतं, घराच्या वायरिंगचे पैसे त्यानं बापाकडून घेतलेले नव्हते, आणि बाहेर गाळ्याचं भाडं परवडत नाही हेही खरं. पण मला संताप आला तो त्या विटा बघून. मी त्याला बाजूला घेतलं आणि खडूनं कॉलमवर हिशेब मांडला. भिंतीच्या बाहेर दीड मीटर पाणी असेल आणि आत अजून शिरलं नसेल, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर साधारण 1.1 टन दाब येतो. तू बांधणार अर्ध्या विटेची भिंत. ती आत कोसळेल, आणि पडण्याआधी आपला भार या खांबांवर टाकेल, तुझ्या बापानं गुडघ्यावर बसून बांधलेल्या. उघडं ठेवलंस तर पाणी येतं आणि जातं. शिवाय तीन बाजू भिंतींच्या आणि एक बाजू शटरची झाली तर भूकंपात घर पिळवटतं, ते वेगळंच. आणि मोटारी कुठं ठेवणार होतास, पाण्यात?

तो म्हणाला, "पुराच्या आधी उचलू की." सगळे हेच म्हणतात. एकोणीसला पाणी चढत होतं तेव्हा निम्म्या गावाला फ्रिज उचलायला वेळ मिळाला नव्हता.

मॅडमनी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाल्या, "फोटोत जे दिसेल ते मी लिहिणार. मला चहा प्यायला अर्धा तास लागतो." आणि वर जाऊन बसल्या.

मेहुणा, मुलगा, मी आणि टेम्पोवाला अशा चौघांनी ते शटर उचलून रस्त्यावर नेलं. विटा मात्र अण्णांनी हलवू दिल्या नाहीत. त्यांनी मेहुण्याला थापी आणायला लावली आणि म्हणाले, "जिन्याखाली झाडांना वाफा करू, विटा लागतातच." मुलगा बापाकडं बघत राहिला. दुकानाविषयी बापलेकांत आधी काय बोलणं झालं होतं ते मी विचारलं नाही.

वर आजी, म्हणजे अण्णांच्या आई, मॅडमसमोर बसलेल्या. त्यांना दुकान, शटर, फोटो कशाशी देणंघेणं नव्हतं.

"बाई, परत तेवढंच पाणी आलं तर हितं येतंय का?"

"तेवढं आलं तर मजल्याच्या खालीच राहील, आजी."

"मंजी आता कुटं जायला नको."

मी असतो तर इथं हो म्हणून मोकळा झालो असतो. घर माझ्या सहीचं होतं. मॅडमनी तसं केलं नाही. "घर वर आहे, रस्ता खाली आहे. वीज तोडतात, दूध येत नाही, रात्री छातीत दुखलं तर बोट कुठून आणायची? आयर्विनला 40 झालं की पिशवी भरायची आणि लेकीकडं जायचं. घर राहील जागेवर."

आजी अण्णांवर भडकल्या. "मग एवढा पैसा कशाला घातलास रे?" अण्णांकडं याचं उत्तर तयार होतं. म्हणाले, "परत आल्यावर चिखल काढायला लागू नये म्हणून." ज्यानं एकोणीसनंतर घरातला चिखल काढलाय त्याला हे उत्तर पुरेसं आहे. गाळ वाळला की फावड्याला दाद देत नाही, आणि त्याचा वास दिवाळीपर्यंत भिंतींतून जात नाही.

शेवटचा मुद्दा सेप्टिक टाकीचा निघाला. पुरात टाकी भरते आणि घाण उलट्या वाटेनं संडासाच्या भांड्यातून वर येते, म्हणून आम्ही पाइपात नॉन रिटर्न व्हॉल्व्ह घातला होता. तो कुठं आहे हे मॅडमना दाखवायला झाकण उघडलं, तर टाकी कोरडी. अण्णांनी ती धुऊन, पुसून, तपासणीसाठी चकचकीत ठेवली होती. मॅडमनी मला विचारलं, "रिकामी ठेवायची ठरवलंय का?" मी अण्णांना पाइप लावायला सांगितलं. जमीन पाण्यानं भिजली की रिकामी टाकी खालून वर उचलली जाते; एकोणीसला काळ्या प्लॅस्टिकच्या टाक्या गल्लीतून तरंगत गेलेल्या अण्णांनी स्वतः पाहिल्या होत्या, पण जमिनीखालचीही तशीच उठू शकते हे त्यांच्या डोक्यात आलेलं नव्हतं. वापर सुरू होण्याआधीच पावसाळा आला तर काय, म्हणून ती पाण्यानं भरून ठेवली.

दुपारच्या आत मॅडम गेल्या. प्रमाणपत्र पुढच्या आठवड्यात आलं, त्यावर मोकळा स्टिल्ट असं स्वच्छ लिहिलेलं. कायमचा मीटर लागला, बांधकामाच्या तात्पुरत्या जोडणीचं महागडं बिल बंद झालं, घरपट्टीसाठी मोजणीवाले येऊन गेले. मुलानं शेवटी बसस्टँडकडं एका पानपट्टीच्या मागचा अर्धा गाळा भाड्यानं घेतला. शटर तिथं बसलं नाही, म्हणून ते परत जुन्या बाजारात विकलं, तोट्यात.

अण्णांच्या समोरचा प्लॉटवाला आता माझ्याकडं आलाय. त्यालाही खांबांवर घर हवंय, रिंगा अण्णांच्याच हातच्या हव्यात, आणि खाली नुसती जाळी मारली तर चालेल का असं तो दर दोन दिवसांनी फोन करून विचारतो. जाळीला कचरा अडकतो आणि मग ती भिंतच होते, हे मी त्याला सांगून झालंय. उद्या अण्णांनाच बोलायला लावणार आहे. मात्र या साइटवर त्यांनी रेट वाढवून मागितलाय.