अठरा गेजची भानगड

ब्रेसलेट हातात घेतलं तर बरंचसं छान लोळत होतं, शेवटचा दीड इंच मात्र काठीसारखा ताठ. काकूंच्या लेकीनं अमेरिकेहून पाठवलेलं, 92.5 चांदीचं, बायझंटाईन विणीचं, म्हणजे तारेच्या छोट्या कड्या एकमेकींत गुंफून केलेलं. मनगटाला कमी पडलं म्हणून काकूंनी एका कारागिराकडून वाढवून घेतलं होतं. सोबतच्या चिठ्ठीवर माप होतं: तार 18 गेज, कडीचा आतला व्यास 3.5 मिमी.

"त्याच मापानं केलंय म्हणतो. मला तर चांदीच भेसळीची वाटते," काकू म्हणाल्या.

कॅलिपर लावला. जुनी तार 1.02 मिमी, नवी 1.22. आणि गंमत म्हणजे दोन्ही 18 गेजच! तिकडे चांदीची तार अमेरिकन गेजनं मोजतात, आपल्याकडे तारेचा धंदा ब्रिटिश एसडब्ल्यूजीवर, म्हणजे स्टँडर्ड वायर गेजवर चालतो. आकडा एक, जाडी दोन.

दोन दशांशानं काय बिघडतं, असं वाटेल. पण साखळीचा सगळा खेळ आतला व्यास भागिले तारेची जाडी, या एका हिशोबावर. जुन्या कडीत तो 3.4 येतो, नव्या कडीत 2.9. बायझंटाईन विणीत कड्या दुमडून एकमेकींत अडकवतात. तीनच्या खाली गेलं की कड्यांना हलायला जागाच उरत नाही. चिलखताची साधी वीण, एका कडीत चार कड्या, ती जरा सोसून घेते. ही नाही.

म्हणून 1.22 ची तार जंत्रीतून, म्हणजे लहान होत जाणाऱ्या भोकांच्या पट्टीतून, ओढत 1.02 वर आणली. मधे एकदा लालसर तापवून मऊ केली, शेवटच्या ओढीनंतर मात्र मुद्दाम तापवली नाही. पार मऊ तारेच्या कड्या वापरात तोंड उघडतात. पण कडक तारेचा स्वभाव असा, की गुंडाळलेल्या सळईवरून सुटली की ती अंग सैल करते आणि व्यास वाढतो. थोडे वेढे घालून पाहिले आणि 3.5 ची कडी मिळावी म्हणून सळई म्हणून 3.25 मिमीची विणकामाची सुई घेतली. या सुयांइतक्या नेमक्या सळया मला बाजारात दुसरीकडे मिळालेल्या नाहीत.

गुंडाळताना डावा अंगठा तारेवर दाबून धरायचा, वेढ्याला वेढा चिकटून बसला पाहिजे. एक जरी फट राहिली तरी तिथली कडी तिरकी येते. ड्रिलवर काम झटपट होतं, पण तारेचं शेवटचं टोक फटकन फिरतं आणि बोट कापतं. एवढ्याशा कामाला मी हातानंच फिरवते. मीटरभर तारेत सत्तरेक कड्या निघतात. मग सुई काढून वेटोळ्यावर टेप लावली, करवतीच्या पात्याला मेण चोळलं आणि उभा छेद घेतला. पकडीनं तोडलं तर एक टोक चिमटलेलं राहतं, कडी मिटली तरी सांधा बोटाला लागतो.

कारागिरानं जोडलेला ताठ भाग सोडवताना त्याच्या कड्या भिंगाखाली धरल्या. दोन्ही टोकं सपाट, कुठे कंगोरा नाही, सांध्यात केस शिरणार नाही. माझ्यापेक्षा सफाईदार.

"काकू, चांदीवर मला तरी शंका नाही. माणसानं सांगितलं तेच केलंय."

"मग मी त्याचे निम्मे पैसे अडवलेत ते?"

"देऊन टाका. आणि त्यांचा नंबर मला द्या. पुढच्या मोठ्या ऑर्डरला कड्या कापायला माणूस हवाच आहे."