नाट्यगृहाचं डीएमएक्स वायरिंग: माझा अनुभव

सभागृहाचं नूतनीकरण निघालं की लाइटच्या डेटा लाइनसाठी, म्हणजे कन्सोलकडून (लाइटच्या नियंत्रण पॅनलकडून) दिव्यांना डीएमएक्स या डिजिटल पद्धतीने हुकूम नेणाऱ्या तारेसाठी, हमखास माइकची केबल आणली जाते. आत दोन तारा, वर जाळी, टोकाला एक्सएलआर, म्हणजे माइकला असतो तो गोल, पिनांचा कनेक्टर. बाहेरून फरक कळत नाही आणि जोडल्यावर दिवे चालतातही. साधारण सहाशे खुर्च्यांच्या नाट्यगृहाचं काम माझ्याकडे होतं, तेव्हा ही केबल घ्यायची नाही हे मी आधीच ठरवून टाकलं.

डीएमएक्सचा वेग सेकंदाला अडीच लाख बिट, म्हणजे एका बिटला फक्त ४ मायक्रोसेकंद. खाली आरएस-४८५ची (दोन तारांवरून डेटा पाठवायच्या विद्युत मानकाची) लाइन असते आणि तिला १२० ओहम इम्पिडन्सची (वेगाने बदलणाऱ्या सिग्नलला केबलचा होणारा विरोध) केबल लागते. माइकच्या केबलचा इम्पिडन्स त्याच्या निम्म्याच्या आसपास, शिवाय कपॅसिटन्स (तारांमध्ये विद्युतभार साठण्याचा गुण) जास्त. त्यामुळे लांब लाइनवर सिग्नलच्या कडा बोथट होतात आणि थोडा सिग्नल उलटा परततो. चार दिवे आणि १५ मीटर केबल असेल तर काही जाणवत नाही. बारवर (दिवे टांगायच्या लोखंडी पाइपवर) वीस एलईडी पार (डब्याच्या आकाराचे स्टेजचे दिवे) चढले की शेवटचे दोन-तीन ऐन प्रयोगात फडफडायला लागतात.

कंट्रोल रूमपासून स्टेजच्या विंगपर्यंतच्या पक्क्या लाइनसाठी मी कॅट-५ई (संगणक नेटवर्कची, पिळलेल्या जोड्यांची केबल) घेतली: फॉइल शील्डची, अखंड तांब्याची. तिचा इम्पिडन्स १०० ओहम, पण डीएमएक्सला ती उत्तम चालते आणि पक्क्या फिटिंगसाठी मान्यही आहे. विकत घेताना तार चाकूने खरवडून बघावी. आत चंदेरी दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. चार वेळा वाकवलं की तुटतं. ती केबल परत करायची. कन्ड्युटमधून (तारा ओढायच्या नळीतून) एकाऐवजी दोन केबल ओढल्या, कारण छत बंद झाल्यावर तिसरी ओढणं म्हणजे पुन्हा तोडफोड. दिव्यापासून दिव्यापर्यंत मात्र बारीक तारांची लवचीक १२० ओहम डीएमएक्स केबलच हवी. कॅट-५ईची एकेरी तार सारखी हलवली की सोल्डरच्या डागापाशीच तुटते.

डिमरच्या (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या यंत्राच्या) आउटपुट वायरी डेटा केबलपासून किमान ३० सेंटिमीटर लांब ठेवल्या. ओलांडायच्याच झाल्या तर काटकोनात. डिमर विजेची वेव्ह कापतो, त्याचा विद्युत गोंगाट शेजारच्या तारेत उतरतो.

विंगेत ऑप्टो-आयसोलेटेड स्प्लिटर (एक सिग्नल अनेक लाइनांना वाटणारा आणि त्या लाइन विजेने एकमेकींपासून अलग ठेवणारा डबा) बसवला आणि प्रत्येक बारला त्याचं स्वतंत्र आउटपुट दिलं. वाय-केबल करून लाइन फोडायची नाही, एकदाही नाही. प्रत्येक फाट्यावरून सिग्नल परततो. एका लाइनवर ३२ दिव्यांची मर्यादा आहे, मी विशीच्या पुढे जात नाही. दिव्यांकडून माहिती परत मागवायची, म्हणजे आरडीएम वापरायचं, तर स्प्लिटर आरडीएमचाच लागतो. साधा स्प्लिटर उलटा प्रवास अडवतो.

पिनांचा क्रम: १ कॉमन, २ डेटा मायनस, ३ डेटा प्लस. पाच पिनांच्या एक्सएलआरमधल्या ४ आणि ५ दुसऱ्या लाइनसाठी राखीव, त्या रिकाम्या सोडल्या. कॅट-५ईमधली पांढरी-नारिंगी तार ३ वर, नारिंगी २ वर, पांढरी-तपकिरी आणि तपकिरी मिळून १ वर. दोन्ही डेटा तारा एकाच पिळातल्या असणं महत्त्वाचं. एक नारिंगी जोडीतली आणि एक हिरव्या जोडीतली घेतली, तर मीटरवर सगळं बरोबर दिसतं आणि लाइन तरीही त्रास देते. जाळी कनेक्टरच्या बॉडीला लावू नये, फक्त पिन १ वर. नाहीतर बारच्या लोखंडातून अर्थचा लूप तयार होतो. पीळ सोडवायचा तोही डागापुरता, सेंटिमीटरभर.

प्रत्येक लाइनच्या शेवटच्या दिव्याच्या आउटमध्ये टर्मिनेटर, म्हणजे सिग्नल उलटा परतू न देणारा तुकडा: मेल कनेक्टरच्या २ आणि ३ मध्ये १२० ओहम, पाव वॅटचा रेझिस्टर. काही रुपयांचा माल, पण फडफडीच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

तपासणी दिवे लावून करू नये, मीटरने करावी. डेटाची एक तार तुटलेली असली तरी कमी अंतरावर दिवा दुसऱ्या तारेवर चालतो आणि मग मधेच उड्या मारतो. म्हणून आधी प्रत्येक तुकड्याच्या तिन्ही पिना वेगवेगळ्या मीटरवर वाजवून बघितल्या. २ आणि ३ ची अदलाबदल इथेच सापडते. मग सगळे दिवे बंद ठेवून, स्प्लिटरकडचं टोक काढून २ आणि ३ मधला रोध मोजला. पन्नासेक मीटरच्या लाइनवर १२५ ते १३० ओहम यायला हवा. ६० च्या आसपास आला तर दोन टर्मिनेटर लागलेत, बहुधा एखाद्या दिव्यातला आतला स्विच चालू आहे. काहीच आलं नाही तर तार तुटलेली किंवा टर्मिनेटर विसरलेला. पिन १ पासून २ आणि ३ ला शॉर्ट दिसता कामा नये, पिन १ आणि बॉडीलाही नाही.

दौऱ्यावर येणाऱ्या नाटकांचे दिवे आणि कन्सोल बहुतेक तीन पिनांचे असतात, म्हणून ३ ते ५ चे दोन्ही बाजूंचे ॲडॉप्टर कंट्रोल रूममध्ये आणि विंगेत टांगून ठेवले. भिंतीवर आरजे-४५चं (नेटवर्कच्या केबलचं) सॉकेट ठेवलंत तर त्यावर ठळक ‘डीएमएक्स’ लिहा आणि ते कुलपाच्या रॅकमध्येच ठेवा. कुणी त्यात नेटवर्कचा स्विच खुपसला आणि त्या पोर्टवर ४८ व्होल्टचा पीओई (नेटवर्कच्या केबलमधूनच दिली जाणारी वीज) चालू असला, तर स्प्लिटरची चिप जायला वेळ लागत नाही.