दोघींचे गुण सारखेच

सोलापुरातल्या विडी घरकुल या विडी कामगारांच्या वस्तीतल्या शिबिरात त्या दिवशी दोन शेजारणी एकापाठोपाठ माझ्यासमोर बसल्या. दोघी सत्तरीच्या आसपासच्या, तेलुगू घरातल्या, शाळेची पायरी न चढलेल्या. जन्मभर विड्या वळलेल्या. एमएमएसई, म्हणजे स्मरण आणि विचारशक्ती तपासायची छोटी चाचणी, आधीच घेऊन झाली होती. 30 पैकी दोघींचे गुण सारखेच, आणि दोघींचे कमी.

1975ची ही चाचणी झटपट होते म्हणून सगळीकडे चालते. पण तीत एक वाक्य लिहायचं, 'डोळे मिटा' हे वाचून डोळे मिटायचे, एकमेकांत अडकलेले पंचकोन काढायचे, 100 मधून सात-सात वजा करत जायचं. ज्या बाईनं कधी पेनच धरलं नाही, तिचे इथले गुण जाणारच. हरियाणातल्या बल्लभगडच्या निरक्षर वृद्धांसाठी 1990च्या दशकात हिंदीत या चाचणीचं वेगळं रूप केलं ते यामुळेच. त्यात लिहिण्याऐवजी घराबद्दल काही सांगायचं, वाचण्याऐवजी समोरचा करेल तसं करायचं.

मी त्याच वळणानं पुन्हा विचारलं. पहिल्या अव्वांना, म्हणजे आजींना, तारीख येईना. "पण अक्षता पडून तीन दिवस झाले की," म्हणाल्या. सिद्धेश्वराच्या जत्रेचा गड्डा सुरू होता, त्यातला अक्षता सोहळा तीन दिवसांपूर्वीच झालेला; हिशोब बरोबर. वार उलटे म्हणून दाखवले. आंबा, खुर्ची, रुपया हे तिन्ही शब्द थोड्या वेळानं न अडखळता सांगितले. वर माझंच पेन खाली राहिलंय हेही सांगितलं!

दुसऱ्या अव्वा गप्पिष्ट. शब्द विचारले तर हसल्या, "आता या वयात पोरांसारखी परीक्षा?" शब्द दिले होते हेच त्यांच्या ध्यानात नव्हतं. विड्या वळायचं सूप मात्र मांडीवर घेऊन आल्या होत्या. पान, चिमूटभर तंबाखू, वळण, दोरा. हात कुठं थबकत नव्हते. मुलगा म्हणाला, "बघा, काही झालं नाही तिला." विसरण्याच्या आजारात घरच्यांची हमखास फसगत होते ती इथंच. हाताची सवय बराच काळ टिकते, नवं काही मनात ठरत नाही.

सूनबाई मागं उभ्या होत्या. त्यांना बाजूला घेतलं. "25चं बंडल असतं, ताई. आता कधी 22, कधी 28. मी रात्री गुपचूप परत मोजते. कारखान्यातून येताना एकदा दुसऱ्याच गल्लीत शिरल्या." किती दिवसांपासून? "दिवाळीच्या आधीपासून." जिला शाळा नाही तिची तुलना तिच्या कालच्या वागण्याशीच करावी लागते, आणि तो काल सुनेला ठाऊक असतो. मला त्या कागदापेक्षा हे जास्त कामाचं वाटतं.

निदान मी तिथं केलं नाही. बी-12, थायरॉईड, कान तपासायची चिठ्ठी दिली, मन उदास असतं का तेही विचारलं, आणि मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. निघताना सूनबाईंनी विचारलं, विड्या बंद करायच्या का?

म्हटलं, नको. त्यांना वळू द्या, बंडलं तुम्ही बांधा. कारखान्यात एकटं मात्र पाठवू नका.