आमची वाटचाल: एक अ‍ॅड-ऑन आणि हालचालीतला भाव

आम्ही कोथरूडमधली छोटी कंपनी, प्रॉडक्ट एकच, ब्लेंडर या थ्रीडी अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये चालणारं अ‍ॅड-ऑन (जोडप्रोग्राम), मोकॅपची, म्हणजे खऱ्या माणसाकडून रेकॉर्ड केलेली, हालचाल नंतर बदलायला. आधी आम्ही जाहिरातींसाठी अ‍ॅनिमेशनची कामं घ्यायचो आणि प्रत्येक कामात तोच त्रास, मोकॅप आला की प्रत्येक फ्रेमवर एक 'की', म्हणजे त्या क्षणाची नोंदलेली स्थिती, सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तरी दहा सेकंदांच्या शॉटमध्ये एका सांध्याच्या एकाच कर्व्हवर (वेळेनुसार हालचाल दाखवणाऱ्या रेषेवर) २४० की, आणि डिरेक्टर सांगणार "आजी जरा थकलेली वाटू दे". मुलं रात्रभर ग्राफ एडिटरमध्ये कर्व्ह ओढत बसायची आणि सकाळी बघावं तर आजीचे पाय जमिनीवरून घसरतायत.

खरं तर यावरचे उपाय १९९५ च्या सिग्राफ या कॉम्प्युटर ग्राफिक्स परिषदेतल्या पेपरांतच आहेत. एक, मूळ कर्व्ह तसाच ठेवून मोजक्या कींनी वरून ऑफसेट, म्हणजे हवा तेवढा फरक, चढवायचा, म्हणजे बारकावे मरत नाहीत. दुसरा, गाण्याच्या इक्वलायझरसारखे हालचालीचे फ्रिक्वेन्सी बँड, म्हणजे संथ ते जलद असे थर, वेगळे करायचे, मधले वाढवले की चाल ठसठशीत होते, वरचे वाढवले की अंगाला कापरं भरल्यासारखं दिसतं. आमचं पहिलं व्हर्जन यावरच उभं राहिलं. टेकलेलं पाऊल ओळखून आयकेने (पावलाच्या जागेवरून पायाचे सांधे ठरवायच्या पद्धतीने) तिथेच धरून ठेवायचं, हे सगळ्यात किचकट निघालं.

पण आमच्या टूलला खरा जीव आला तो ओळखीच्या एका कथक शिकवणाऱ्या ताईंमुळे. त्या स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, अरे, थकलेलं माणूस नुसतं हळू नाही चालत, आधी छाती खचते, मग पाय निघतो, हात तर सगळ्यात शेवटी येतो. आम्ही तोवर अख्ख्या शरीराचं टायमिंग एकत्र ताणत होतो! मग प्रत्येक सांध्याला वेगळा उशीर देता येईल असं केलं, आणि लाबान या नृत्यतज्ज्ञाच्या हालचाल मांडायच्या पद्धतीतले वजन, वेळ, अवकाश, ओघ हे चार घटक स्लायडर म्हणून आणले. "दुःखी" असं एक बटण द्या म्हणणारे कस्टमर येतात, आम्ही ते देत नाही आणि देणारही नाही, कारण आजी कशी थकते हे अ‍ॅनिमेटरनेच ठरवायला हवं.

धंद्याचं म्हणाल तर, ब्लेंडरचं अ‍ॅड-ऑन जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली द्यावं लागतं, घेणारा ते पुढे फुकटही वाटू शकतो, त्यामुळे आमची कमाई अपडेट आणि मदतीवर. २०२५ मध्ये ब्लेंडर ४.४ आलं, अ‍ॅक्शनची, म्हणजे हालचाल साठवणाऱ्या डेटाची, आतली रचनाच बदलली, तेव्हा सगळं काम बाजूला ठेवून आधी जुन्या कस्टमरच्या फाइल्स नीट उघडतील हे बघितलं.

सध्या बोटांवर काम चालू आहे. मोकॅपमध्ये बोटं नेहमी कच्ची येतात आणि आपल्याकडे तर अर्धा अभिनय हातातच असतो, म्हणून ताईंच्या विद्यार्थिनींच्या हस्तमुद्रा रेकॉर्ड करतोय. पुण्यात अ‍ॅनिमेशन शिकणाऱ्या कुणाला हे बघायचं असेल तर या, एक मशीन त्यासाठी मोकळंच ठेवलंय.