एकाच श्लोकावर थांबलो

पहाटे सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाच्या काठावर बसलो होतो. महिनाभर गीतेचा 6वा अध्याय वाचतोय, रोज थोडाच. घाईनं वाचलं की डोक्यात राहतं, आत उतरत नाही. आज 29वा श्लोक आला: सर्व भूतांत स्वतःला आणि स्वतःत सर्व भूतांना पाहणारा योगी. पुढं सरकावंसंच वाटेना.

वडील यंत्रमागावर चादरी विणायचे. डबा घेऊन गेलो की माग थांबवून तुटलेल्या धाग्याला दोन बोटांनी गाठ मारताना दिसायचे. चादरीवर मोर असायचा. त्याच्यावरून बोट फिरवलं तर हाताला लागायचं ते सूतच. पिसाऱ्यातही तेच, मोकळ्या जागेतही तेच.

ते सूत आज आठवलं आणि छातीतलं काहीतरी सैल झालं. घराच्या वाटणीवरून दादाशी आठ महिने बोलणं बंद होतं. समोर 12व्या शतकात सिद्धरामेश्वरांनी खोदवलेल्या तळ्याचं पाणी अगदी निवांत. कितीतरी वेळ डोळे मिटून बसलो, मनात एकही वाद नव्हता.

तिथूनच फोन लावला. "काय रे, एवढ्या पहाटे? बरा हायस ना?"

रात्री त्याच्याकडे जेवलो. वहिनीनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी वाढली. वाटणीचा विषय निघालाच नाही.