जुन्या फोनची झोप

आज राजारामपुरीतल्या दुकानात एक जुना बटणांचा फोन उघडून पॉवर सप्लायला जोडला. त्याचा करंट दाखवणारा काटा बराच वेळ शून्याजवळ पडून, मध्येच टुणकन उडायचा, परत गप्प. हाताखालचं पोरगं म्हणालं, "दादा, खराब हाय काय?"

"न्हाय रं, झोपलाय त्यो!"

जीएसएमची, म्हणजे या जुन्या फोनच्या नेटवर्क पद्धतीची, मेख हीच: गरज नसेल तेव्हा झोपायचं. बोलतानासुद्धा 4.6 मिलिसेकंदांच्या फ्रेममधल्या, म्हणजे वेळेच्या तुकड्यातल्या, 8 खणांपैकी एकाच खणात फोन ओरडतो, टॉवरला सिग्नल पाठवतो. त्यामुळे ओरडणं 2 वॅटचं असलं तरी सरासरी पाव वॅट. टॉवर जवळ असला की ओरडणं आणखी हळू. स्पीकरशेजारी ऐकू येणारी टर्र टर्र याचीच, सेकंदाला 217 वेळा.

गगनबावड्याच्या घाटात मात्र रेंज शोधता शोधता बॅटरी बसते. माझी रविवारी बसलीच, आणि घरच्यांना वाटलं मुद्दाम बंद केलाय.